हलली तर जिवंत

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज नव्या नोकरीवर रुजू झाले आणि अंगात पुन्हा माणूसपण आले. निवृत्तीनंतर विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीची दोनदा सेक्रेटरी झाले, दोन्ही वेळा सभासदांनी हात जोडून मला खाली उतरवले. त्यांचे बरोबर होते. माझे काम माणसांशी नाही, किडींशी. शेतकी कॉलेजात आमच्या वर्गात मुली मोजक्याच. बाकीच्यांनी फुलझाडे घेतली, मी कीटकशास्त्र घेतले आणि पुढची सगळी नोकरी अळ्या मोजण्यात घालवली.

हिंमतरावांचे कीटकनाशक चाचणी केंद्र धायरीत आहे. चारही बाजूंनी उंच इमारती उठल्या, त्यांच्या मधोमध हा एक दुमजली बंगला राहून गेला. खाली प्रयोगशाळा आणि ऑफिस, वर एक खोली, ओटा आणि गच्ची. विश्रांतवाडी ते धायरी रोज म्हणजे दोन बस आणि दोन भांडणे, म्हणून वरची खोली मी मागून घेतली. सकाळचे ऊन थेट आत येते. मागच्या अंगणात शेवग्याचे झाड आहे. शेजारच्या इमारतीतली पोरे खाली क्रिकेट खेळतात. चेंडू आत आला तर परत मिळणार नाही, हे त्यांना आजच सांगून ठेवले.

हिंमतराव मूळचे मार्केट यार्डातले. बी-बियाणे आणि औषधांची घाऊक विक्री करता करता त्यांनी हे केंद्र काढले. गोल, हसरे गृहस्थ. कीटकनाशकाला ते औषध म्हणतात. मी म्हटले, औषध आजाऱ्याला देतात, हे विष आहे. त्यावर म्हणाले, बाई, विष म्हटलं की बाटली खपत नाही. येताना यार्डातून ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी आणली होती. अर्ध्या अळ्यांना, अर्ध्या मला. सोल्यांची आमटी केली. उत्तम झाली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

काम समजून घेतले. येथे घाटे अळी पाळतात, तीच ती, तुरीच्या शेंगेत आणि हरभऱ्याच्या घाट्यात डोके खुपसून बसणारी. प्रत्येक अळीला ट्रेमध्ये स्वतंत्र कप्पा लागतो, कारण दोघींना एकत्र ठेवले की एक दुसरीला खाते. खाद्य बेसनाचे, त्यात यीस्ट आणि घट्ट करायला चायना ग्रास. शिजवताना सगळ्या बंगल्यात पिठल्याचा वास सुटतो आणि भाकरीची आठवण येते.

मदतीला श्रद्धा आहे. वाशीमकडची, एम.एस्सी. झालेली, चुणचुणीत, पण निम्मे बोलणे इंग्रजी. तिच्या घरी तूर आणि हरभरा. ती म्हणाली, मॅडम, सिरियसली, बाबा डबल डोस मारतात, तरी अळी नुसती हसते. मी तिला सांगितले की अळी हसत नाही, सरावते. फवारणीत दुबळ्या मरतात, एखादी चिवट वाचते, आणि पुढची पिढी त्या वाचलेलीची असते. आपणच दर हंगामात चिवट अळ्या निवडून काढत असतो.

म्हणूनच आताचे काम मोलाचे आहे. एका कंपनीचे नवे औषध हरभऱ्याच्या या हंगामात बाजारात यायचे आहे. ते जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या अळीला मारते की नाही, ते आम्ही ठरवायचे. २ डिसेंबरला कंपनीचा तेजस नावाचा अधिकारी अहवाल न्यायला येईल. त्यावर मोजणाऱ्याची सही लागते. म्हणजे माझी. माझ्या सहीवर श्रद्धाचे वडील आणि त्यांच्यासारखे हजारो जण बाटली विकत घेणार.

पद्धत जगात सगळीकडे आहे तीच. एका ट्रेतल्या खाद्याला औषध लावायचे, दुसऱ्याला नुसते पाणी. ठरलेल्या दिवशी प्रत्येक अळीच्या पाठीला चित्रकलेच्या बारीक ब्रशने स्पर्श करायचा. हलली तर जिवंत, नाही हलली तर मेली. जिवंत निघालेल्या उकळत्या पाण्यात जातात. मेलेल्या मागच्या खड्ड्यात, शेवग्याखाली. मेलेल्यांवर गॅस कशाला जाळायचा, असे हिंमतरावांचे म्हणणे. मला रास्त वाटले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पहिली मोजणी झाली. औषधाच्या ट्रेमध्ये जवळजवळ सगळ्या मेलेल्या, पाण्याच्या ट्रेमध्ये जवळजवळ सगळ्या वळवळणाऱ्या. इतका स्वच्छ निकाल मी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता. हिंमतरावांनी पेढे मागवले. माझ्या आधी श्रीधर नावाचे गृहस्थ होते, ते म्हणे एकेका ट्रेपाशी दुपार काढत. हिंमतराव म्हणाले, बाई, तुम्ही तर चहाला उकळी फुटायच्या आत ट्रे संपवला, मला अशीच माणसं लागतात, रेंगाळणारी इथं टिकत नाहीत.

मलाही रेंगाळणाऱ्या माणसांचा तिटकारा आहे. पेढा बरा होता.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मेलेल्यांचा एक ट्रे खड्ड्यात टाकायचा राहून गेला होता. सकाळी झाकण उघडले. अळ्या कालच्यासारख्याच निपचित होत्या, पण कप्प्यांत लेंड्या होत्या. ओल्या, ताज्या. आणि खाद्याला कडेने कुरतडल्याच्या खुणा.

मेलेली अळी लेंडी टाकत नाही. हे शिकायला कॉलेजात जावे लागत नाही.

ब्रश लावला. काही नाही. चिमट्याने उलटी केली, पाय वर करून तशीच पडून राहिली. रंग मात्र तुकतुकीत. मेलेली अळी काळवंडते, मऊ पडते, वास मारते. या तर बाजारात मांडून ठेवाव्यात अशा. श्रद्धा म्हणाली, मॅडम, झॉम्बी. मी तिला म्हटले, सिनेमे कमी बघ आणि वजनाचा काटा आण. वजन केले. काल नोंदलेल्यापेक्षा वाढले होते.

हिंमतरावांना दाखवले. ते म्हणाले काटा खराब आहे. दुसरा आणला. म्हणाले, हवा दमट आहे. या दिवसांत धायरीत हवा इतकी कोरडी आहे की माझे ओठ फुटले आहेत, असे मी त्यांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले की व्हॅसलीन लावा.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज मी एक खोडी केली. औषधाचे ट्रे डावीकडच्या फळीवर राहतात, पाण्याचे उजवीकडच्या. मी चार दिवसांपूर्वी नुसत्या पाण्याचा एक ट्रे कोणाला न सांगता डाव्या फळीवर ठेवला होता. त्याला विषाचा थेंब लागलेला नाही.

आज मोजला. सगळ्या मेलेल्या.

म्हणजे निपचित पडलेल्या. आपल्याकडून काय अपेक्षा आहे, ते त्यांना फळीवरून कळले होते.

कसे झाले असेल ते दुपारभर बसून लावले, आणि त्यात भुताखेताचे काही नाही. ब्रश लागल्यावर हलते तिला आम्ही उकळतो. हलत नाही तिला खड्ड्यात सोडतो. ती मऊ मातीत शिरते, कोष करते, पतंग होते. गच्चीवर आमचाच प्रकाश सापळा आहे, दिवा आणि खाली नरसाळे. त्यात सापडलेले पतंग खाली आणून पुढच्या पिढीत मिसळतात. हिंमतराव त्याला बाहेरचे रक्त म्हणतात. बाहेरचे कसले, ते खड्ड्यातलेच. गेली कित्येक वर्षे या बंगल्यात आम्ही विषाला तोंड देणारी अळी निवडत नव्हतो, माणसाला फसवणारी निवडत होतो.

एकच गोष्ट उलगडत नाही. मग उजवीकडच्या हलतात कशाला? श्रद्धा पटकन म्हणाली, मॅडम, त्या हलल्या नाहीत तर अख्खी टेस्टच रद्द होईल ना, मग आपण सगळेच ट्रे उकळणार.

म्हणजे काहींनी हलायचे, बाकीच्यांनी सुटायचे. एकमेकींना खाणारी जात ही.

हिंमतरावांना स्पष्ट सांगितले की मी सही करणार नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, बाई, तुम्ही नका करू, श्रीधरची सही अजून चालते.

रविवार, २४ नोव्हेंबर

श्रीधरांना भेटायला धायरी गावातल्या त्यांच्या घरी गेले. आजारी आहेत एवढेच माहीत होते. दार त्यांच्या पत्नीने, मुक्ताईंनी उघडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, तुमी पण सहीसाठीच आलाय का.

श्रीधर खिडकीपाशी खुर्चीत. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, डोळे उघडे. समोर स्टुलावर चहा, त्यावर जाड साय धरलेली. मी नाव सांगितले, काम सांगितले, खड्ड्याचे सांगितले. पापणी लवली नाही. हात धरला. कोमट, नाडी शांत. खांदा हलवला. परत होता तसा. डॉक्टरांनी सगळे तपासले, शरीरात काही खोट नाही म्हणे.

मुक्ताई सांगत होत्या की शेवटी शेवटी ते त्या ट्रेपाशी बसूनच असायचे. म्हणायचे, मी हललो नाही तर त्या हलतील, एकदा डोळ्यांनी बघतो आणि त्या हिंमतरावाच्या तोंडावर फेकतो. मग एके दिवशी घरी आणून सोडले ते असे. माणूस समोर असला की असंच हाय बघा, त्या म्हणाल्या, मी वट्ट्याकडं वळले की हिंडत्यात. हिंमतराव कागद घेऊन येत्यात, हातात पेन दिला की सही होती.

मला ते पटले नाही. त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात गेले, ग्लासभर पाणी घेतले. मागे खुर्ची करकरली. पावले वाजली, अनवाणी, सावकाश. मी झटकन वळून बाहेर आले.

श्रीधर खुर्चीत होते तसेच. कप रिकामा होता. साय त्यांच्या वरच्या ओठाला चिकटलेली होती.

मी रुमालाने त्यांचा ओठ पुसला. दुसरे काय करणार. निघताना त्यांना मोठ्याने सांगितले की आपले अर्धे राहिलेले काम मी पुरे करणार आहे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

भर दुपारी हंडे उकळले आणि मी व श्रद्धाने ते खड्ड्यात ओतले. हिंमतराव यार्डात गेले होते.

मी फावड्याने माती वर केली तेव्हा तिच्यात कोषांची रिकामी टरफले होती आणि अळ्या होत्या. मुठी भरून. एकमेकींना चिकटून, एकीनेही दुसरीला न खाता. मी आधण ओतले. अळीवर नुसते ऊन पाणी पडले तरी ती वेटोळे घेते, उड्या मारते. यांतली एकही हलली नाही. वाफ वर आली, पिठल्याचा वास आला, आणि त्या होत्या तशा पडून राहिल्या.

मेल्या की नाही, आता कसे ओळखायचे? श्रद्धाने हे विचारले. मी तिला म्हटले, अजून एक हंडा.

मग वर पाहिले. शेवग्याची पाने केव्हाच संपली आहेत. मी इतके दिवस हिरवे झाड म्हणून बघत होते. ती पाने नव्हती.

शेजारची पोरे आज खेळायला आली नाहीत. त्यांचा चेंडू मीच शोधून भिंतीपलीकडे टाकला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

श्रद्धाने मोबाइल लावून चित्रण घ्यायचे ठरवले. चांगली कल्पना. मोबाइल ट्रेवर रोखून ठेवला, आम्ही दोघी बाहेर गेलो, दाराला कडी घातली.

चित्रणात पहिल्यांदा ट्रे दिसतो, स्तब्ध. मग एका कडेने काहीतरी हिरवट येते, भिंगावर चढते आणि बसते. पुढे सगळा अंधार. फक्त आवाज. कोरडा कागद चुरगाळावा तसा, सबंध खोलीभर.

हिंमतराव म्हणाले, यातून काय सिद्ध होतं? एक अळी काचेवर चढली. तीही ट्रेमधलीच हे कशावरून. कंपनीचा नियम डोळ्यांनी मोजण्याचा आहे, बाई, मोबाइलने नाही.

दाराच्या काचेतून बघू म्हटले तर जमत नाही. फरशी खालून पोकळ आहे. पाऊल वाजले की त्यांना कळते. चालत येणारा नेहमी उशिरा पोहोचतो. बघणाऱ्याने आधीपासून तिथे असले पाहिजे, आणि तिथे नसल्यासारखे असले पाहिजे.

मी आज थोडा वेळ बसून पाहिले. हालचाल न करता. पेन मात्र चालू ठेवला. त्याच्या आवाजाची त्यांना सवय होईल. शेवटी एकीने डोके उचलले. माझ्याकडे वळवले. मी शिंकले, ती पडली.

म्हणजे जमते.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज श्रद्धा मला हाका मारत होती म्हणे. बराच वेळ. शेवटी खांद्याला धरून हलवले तेव्हा मी ओ दिली. मी ट्रेपाशी बसले होते एवढे आठवते. चहा समोर होता. त्यावर साय धरली होती.

आरशात जाऊन डोळे तपासले. विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. माझ्या नेहमीसारख्या आहेत. लाळ नाही, घाम नाही, थरथर नाही. अंग फक्त जड, आणि मन — कबूल करायला राग येतो — शांत. अनेक वर्षांत इतके शांत नव्हते. कुणाला काही सुनवावेसे वाटत नाही. हे माझे लक्षण नव्हे.

आणि आणखी एक गोष्ट कळली. आपण त्यांना निवडतो असे मी समजत होते. इथे मोजायला किती जण आले असतील. जो रेंगाळला, ज्याने दुसऱ्यांदा वळून पाहिले, तो श्रीधरांसारखा खुर्चीत गेला. जो झटपट मोजून सही करून चहा प्यायला गेला तो टिकला. मला कशासाठी पसंत केले? चहाला उकळी फुटायच्या आत ट्रे संपवते म्हणून. हिंमतराव समजतात, ते निवडतात. निवडतात त्या अळ्या.

श्रद्धा म्हणाली, मॅडम, आपण निघून जाऊ, प्लीज, आत्ता. तिच्या वडिलांचा फोन आला होता. तूर निम्मी पोखरली आहे, नवे औषध कधी येते, हरभऱ्यासाठी आधीच सांगून ठेवले आहे. मी तिला जायला सांगितले. ती गेली नाही. रडत रडत बेसन भिजवायला लागली आणि मग भांडे आपटून म्हणाली, यांना कशाला जेवायला घालतोय आपण. पोरगी चांगली आहे.

मी जाणार नाही. माझ्या खोलीत ऊन चांगले येते आणि अळीला भिऊन मी आजवर एकही शेत सोडलेले नाही.

रविवार, १ डिसेंबर

उद्याचे ठरले ते लिहून ठेवते, म्हणजे घोळ नको.

तेजस आला की श्रद्धा त्याला बूट काढायला लावून आधीच ऑफिसात बसवेल. दाराच्या काचेसमोर. हिंमतराव यार्डातून यायच्या आत. मी पहाटेपासून आत ट्रेपाशी बसलेली असेन. त्या मला मेलेली समजल्या की हलतील. तेजस डोळ्यांनी पाहील. मग श्रद्धा आत येईल, माझ्या मानेला ब्रश लावेल, आणि मी वळून त्याला विचारीन, मोजायचे आहे का.

मी नाही वळले तर श्रद्धाने माझी वाट बघायची नाही. आधण तयार ठेवायचे, आधी ट्रेवर ओतायचे, मग मला ओढायचे. डॉक्टर नंतर.

आणि माझ्या हातात कोणी पेन दिला तर —

हात मात्र मी हलता ठेवणार. लिहीत राहणार. माझी खूण ती. लिहिते आहे तोवर मी जिवंत.

तिने विचारले, भीती नाही का वाटत. वाटते. म्हणून काय झाले.

सोमवार, २ डिसेंबर

बसले आहे. ऊन खिडकीतून ट्रेवर.

फरशी गार. हललेले नाही. फक्त हात.

बाहेर गाडी थांबली. तेजस असावा. पावले ऑफिसात. श्रद्धा बूट काढायला सांगते आहे, तो हसतो आहे, देऊळ आहे का म्हणतो. खुर्ची ओढली. आता शांत.

—

एकीने डोके उचलले. दुसरीने. मग सगळा ट्रे. फळीवरचे सगळे ट्रे. कप्प्यांच्या कडांवरून — किती सावकाश, किती शिस्तीत. एकही दुसरीला खात नाही.

तेजस, बघा. डोळे उघडे ठेवा.

बाहीवर आल्या. मनगटावर. हाताला वगळतात, हलतो म्हणून. मानेवर. गुदगुल्या होत नाहीत. आता काहीच होत नाही. वजन आहे तेवढे कळते, पांघरुणासारखे. फार बरे वाटते आहे. हे बरे वाटणे मला मान्य नाही.

—

फाटक वाजले. हिंमतराव. लवकर आले.

ऑफिसात बोलणे. तेजस मोठ्याने बोलतो आहे, अहो, ते काय आहे, त्या बाईंच्या अंगावर ते काय आहे.

पाहिले त्याने. पाहिले.

दार उघडले. फरशी वाजली. त्या थांबल्या सगळ्या एकदम, होत्या तिथे. माझ्या अंगावर निपचित.

मानेला ब्रश लागला. श्रद्धाच. आता मी वळते —

पुन्हा ब्रश. मॅडम म्हणते आहे. मॅडम, हला ना. मी हलते आहे, पोरी. आत सगळी हलते आहे. हाताकडे बघ. हात लिहितो आहे.

ती पळाली. गॅसवर भांड्याचे झाकण खडखडते आहे. आधण आले. छान. घाई कर.

हिंमतराव जवळ. तेजसला सांगतात, बाई दमल्यात, मोजणी झाली आहे, सही तेवढी राहिली. वहीवर कागद सरकवला. अहवाल. खाली रेघ, रेघेवर जागा मोकळी.

पेन तिकडे निघाला. मी नाही नेत. आपला आपण —

अडवते आहे. ओढून परत वहीवर आणला. माझा हात आहे हा.

माझे नाव त्या रेघेवर येणार नाही. लिहायचेच असेल तर एकच शब्द, त्या ट्रेबद्दल आणि माझ्याबद्दल. आधी इथे लिहून बघते, हात ऐकतो का.

जिवंत. ऐकतो. पुन्हा. जिवंत. आता तिकडे, रेघेवर. श्रद्धा आली, वाफ दिसते आहे. ओत. जिवं